कोळंबीची पाठ आणि वायमारचा ज्वालामुखी

श्रोतेहो, नमस्कार.

कोळंबी सोलताना पाठीला चीर देऊन आपण काळा धागा ओढून काढतो ना, ते तिचं आतडं. आतडं पाठीकडे, हृदयही पाठीकडेच. आणि चेतारज्जू, म्हणजे नसांची मुख्य दोरी? ती जाते पोटाच्या बाजूने. मासा, बेडूक, माणूस अशा पृष्ठवंशीयांत सगळं उलट. पुन्हा सांगतो, आपली दोरी पाठीत, कोळंबीची पोटात.

बाकीचे फरक शाळेतलेच. आपला सांगाडा आत, अंगाबरोबर वाढणारा. कोळंबीसारख्या संधिपादांचा, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांचा, बाहेर, कायटिन नावाच्या टणक पदार्थाचा, न वाढणारा. म्हणून खेकडा असो की झुरळ, कात टाकल्याशिवाय मोठं होता येत नाही.

आता गंमत ऐका. १८२२ साली पॅरिसचे प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सेंतिलेर यांनी लॉबस्टर उताणा ठेवून दाखवला. बघा म्हणाले, आता अवयवांची मांडणी आपल्यासारखी झाली! साऱ्या प्राण्यांचा आराखडा एकच, हे त्यांचं म्हणणं. पॅरिसचेच दुसरे प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना ते साफ नामंजूर. त्यांनी प्राण्यांचे चार वेगळे गट पाडलेले. एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. १८३० मध्ये विज्ञान अकादमीत दोघांची जाहीर जुंपली.

त्याच जुलैत पॅरिसमध्ये क्रांती झाली. २ ऑगस्टला बातमी जर्मनीत वायमारला पोचली. एक स्नेही महाकवी गटे यांच्याकडे गेले. गटे तेव्हा ऐंशीचे. स्नेही दारात येताच गटेंनी विचारलं, या थोर घटनेबद्दल काय म्हणता? ज्वालामुखी फुटला, सगळीकडे आग! स्नेही म्हणाले, भयंकरच, पण असलं मंत्रिमंडळ असल्यावर राजघराण्याला हाकलणारच की. गटे म्हणाले, अहो, त्या लोकांचं कोण बोलतंय? मी अकादमीतल्या वादाचं म्हणतोय!

राजा गेला त्याचं काही नाही, लॉबस्टरवाल्यांच्या भांडणाची केवढी उत्सुकता! आपल्याकडे चर्चा रंगते ती फक्त क्रिकेटची. असो.

तर जॉफ्रुआंचं शेवटी काय झालं? एकच आराखडा हे त्यांचं म्हणणं सरसकट काही टिकलं नाही. पण उताण्या लॉबस्टरची गोष्ट १९९० च्या दशकात पुन्हा वर आली. दोरी कोणत्या बाजूला घडवायची हे ठरवण्यात भाग घेणारं एक जनुक फळमाशीत आणि बेडकात एकाच कुळातलं निघालं. माशीच्या गर्भात ते पोटाकडे काम करतं. बेडकाच्या गर्भात पाठीकडे.