जुन्या जपानी गेमना इंग्रजी कधी मिळणार?

नमस्कार, श्रोतेहो.

२००६ च्या एप्रिलमध्ये जपानात निंटेंडो कंपनीच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी 'मदर ३' नावाचा गेम आला. तो लिहिणारे शिगेसातो इतोई मुळात जाहिरातींचे लेखक. गोष्ट सुरू होते एका लहानशा गावात. पहिल्याच प्रकरणात फ्लिंट नावाचा मेंढपाळ आपल्या बायकोमुलांना शोधत रात्री रानात फिरत असतो. मुलं नदीकाठी सापडतात. सगळे शेकोटीपाशी जमतात, आणि तेवढ्यात एक गावकरी येऊन सांगतो, एक चांगली बातमी आहे आणि एक वाईट. चांगली ही की एका अजस्र प्राण्याचा दात मिळाला आहे, त्याचं उत्तम हत्यार होईल. वाईट ही की तो दात फ्लिंटच्या बायकोच्या काळजात रुतलेला होता. फ्लिंट जमिनीवर मुठी आपटतो, शेकोटीतलं जळतं लाकूड उपसून दिसेल त्याला मारत सुटतो. शेवटी एका लाकूडतोड्याला त्याला हाणून बेशुद्ध करावं लागतं. एवढ्याशा पडद्यावर, बोटभरही उंची नसलेल्या चित्रांतून हे घडतं आणि बघणाऱ्याचा घसा दाटून येतो.

या गेमची अधिकृत इंग्रजी आवृत्ती अजूनही निघालेली नाही. २००८ च्या ऑक्टोबरात चाहत्यांनी आपण केलेलं इंग्रजी भाषांतर सगळ्यांना फुकट खुलं केलं. त्यांचे म्होरके क्लाइड मँडेलिन हे पेशानेच भाषांतरकार. २०१३ साली त्यांनी निंटेंडोपुढे जाहीर प्रस्ताव ठेवला: माझं भाषांतर घ्या, हवं तसं बदला, मला एक पैसा नको. त्यावरही काही हललं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मदर ३' निंटेंडोच्या स्विच या यंत्राच्या ऑनलाइन सेवेत आला, पण फक्त जपानमध्ये.

जुने जपानी गेम भाषांतर होऊन बाहेरच्या देशांत येतील का, असं कोणी विचारलं की मला आधी हा गेम आठवतो. माझं उत्तर मात्र निराशेचं नाही. हे गेम येतात. उशिरा येतात, पण गेल्या दहा वर्षांत असे कितीतरी आले, की पूर्वी कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. १९९५ चा 'सेइकेन देन्सेत्सू ३' २०१९ मध्ये 'ट्रायल्स ऑफ माना' या नावाने इंग्रजीत आला. १९९४ चा 'लाइव्ह अ लाइव्ह' नवं रूप घेऊन २०२२ मध्ये आला. 'एस अटर्नी' मालिकेतला २०११ चा 'इन्व्हेस्टिगेशन्स'चा दुसरा भाग २०२४ मध्ये.

एक उदाहरण तर नभोवाणीशीच नातं सांगणारं आहे. नव्वदच्या दशकात जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या निंटेंडोच्या गेम-यंत्राला खालून जोडायचं सॅटेलाव्ह्यू नावाचं उपकरण मिळायचं. सेंट गिगा ही उपग्रहावरून रेडिओ चालवणारी कंपनी त्यावर गेम प्रसारित करायची. ठरल्या वेळी यंत्र लावून बसायचं आणि गेम उतरवून घ्यायचा. १९९६ चा 'रॅडिकल ड्रीमर्स' हा असाच हवेतून आलेला गेम. तो जवळजवळ सगळा वाचायचाच. २००० साली ती सेवा बंद पडली. पुढे २०२२ मध्ये 'क्रोनो क्रॉस' या गेमच्या नव्या आवृत्तीबरोबर स्क्वेअर एनिक्स कंपनीने तो अधिकृत इंग्रजीत दिला. जो गेम दुकानात कधी मिळालाच नाही, तोही सव्वीस वर्षांनी परदेशात पोचू शकतो!

मग अडतं कुठे? पूर्वी अडचण यंत्राचीही होती. सुपर फॅमिकॉमच्या आधीचं यंत्र फॅमिकॉम, त्यावर एकेक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात बसवलेलं असायचं. जपानी मजकूर त्यात थोडक्या चौकोनांत मावायचा, तोच इंग्रजीत कितीतरी लांबायचा. पडद्यावरच्या मजकुराच्या खिडक्या अपुऱ्या पडायच्या आणि कॅसेटमध्ये जागाही शिल्लक नसायची. त्यामुळे नुसतं भाषांतर करून भागत नसे, गेमचा कोड आतून उकलून पुन्हा बसवावा लागे. चाहत्यांनी हे काम घरी बसून, फावल्या वेळात केलं, हे मला फार मोठं वाटतं.

आज ते तंत्र हाताशी आहे. आता प्रश्न हिशेबाचा आहे. निहोन फाल्कॉम कंपनीच्या 'ट्रेल्स' मालिकेत संवादांचा डोंगर असतो, प्रत्येक गावकऱ्याला कथेच्या प्रत्येक वळणावर नवं काहीतरी बोलायचं असतं. त्यातला 'ट्रेल्स इन द स्काय'चा दुसरा भाग जपानमध्ये २००६ ला आला आणि इंग्रजीत २०१५ ला. एवढ्या मजकुराला भाषांतरकार, संपादक, तपासनीस लागतात. तेवढ्या पैशात नवा गेम आणू, असं कंपनी म्हणते.

इथेच याच मालिकेतल्या 'ट्रेल्स फ्रॉम झिरो'ची हकिकत नीट सांगायला हवी. मूळ गेम २०१० चा. जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने २०२० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं आणि पुढच्या वर्षी त्यापुढच्या भागाचं. काम इतकं चोख होतं की निप्पॉन इची सॉफ्टवेअरच्या अमेरिकी शाखेने अधिकृत आवृत्तीसाठी तेच पायाला घेतलं. घोषणा होताच जिओफ्रंटने आपली फुकटची आवृत्ती मागे घेतली. २०२२ मध्ये पहिला आणि २०२३ मध्ये दुसरा भाग दुकानात आला. फाल्कॉमचे प्रमुख तोशिहिरो कोन्दो हेही तरुणपणी याच कंपनीच्या गेमवर संकेतस्थळ चालवणारे चाहते होते, मग ते तिथेच नोकरीला लागले. चाहत्यांच्या कामाची किंमत त्या घरात कळावी यात नवल नाही. माझ्या मते सगळ्या कंपन्यांनी हा रस्ता धरावा: तयार भाषांतर विकत घ्यावं, करणाऱ्यांना मोबदला द्यावा, श्रेयनामावलीत त्यांची नावं घालावीत.

उलट उदाहरणही आहे. १९९० चा पहिला 'फायर एम्ब्लेम' निंटेंडोने २०२० च्या डिसेंबरात प्रथमच इंग्रजीत आणला आणि ३१ मार्च २०२१ ला विक्री बंद केली. तीस वर्षं वाट पाहायला लावून चारच महिने दुकान उघडं! भाषांतर झालेलं, गेम चालतो आहे, गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे. अशा वेळी दार लावून घेणं मला अजिबात पटत नाही.

तयार भाषांतर फडताळात पडून राहण्याचं याहून जुनं उदाहरण 'मदर'च्याच घरातलं. पहिल्या 'मदर'चं इंग्रजी १९९० मध्ये पूर्ण झालं होतं. पण १९९१ मध्ये अमेरिकेत नवं यंत्र, सुपर निंटेंडो, आलं आणि हा गेम मागे पडला. १९९८ मध्ये त्याची एक नमुना कॅसेट चाहत्यांच्या हाती लागली. अधिकृतपणे तो आला २०१५ मध्ये. आता पहिले दोन्ही 'मदर' स्विचच्या सेवेत इंग्रजीत आहेत, म्हणून तिसराही येईल असं मी धरून चाललो आहे.

सगळेच येणार नाहीत, हेही तितकंच खरं. सेगाचा २००१ चा 'सेगागागा' घ्या. त्यात खेळणारा खुद्द सेगा कंपनी चालवतो. जपानी गेमधंद्यातल्या घरगुती गोष्टींनी तो इतका भरलेला आहे की त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघाली नाही, आणि निघेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट गल्लोगल्ली भाड्याने मिळत. ती यंत्रं बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होती. त्यांवर आपण मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलो, म्हणजे पळायचे आणि गोळ्या झाडायचे गेम. वाचायचे गेम त्या गठ्ठ्यात क्वचितच असत. म्हणून आपल्यातल्या चाळिशीच्या मंडळींना जपानी गेमची ही बाजू नवीच वाटेल.

त्यांनी 'मून'पासून सुरुवात करावी. हा १९९७ चा प्लेस्टेशनचा गेम. करणाऱ्यांपैकी योशिरो किमुरा यांच्याच कंपनीने तो २०२० मध्ये स्विचवर इंग्रजीत आणला. नेहमीच्या गेममधला शूर योद्धा इथे गावभर लोकांच्या घरात घुसून कपाटं उचकतो आणि दिसेल तो प्राणी मारत जातो. आपण असतो त्याच्या मागून फिरणारं एक अदृश्य पोर, मेलेल्या प्राण्यांचे आत्मे सोडवणारं. सुरुवातीला ते पोर फार वेळ जागं राहू शकत नाही, म्हणून घरापासून लांब जाऊ नका आणि वेळेवर झोपा. नमस्कार.