आधी पत्ता, मग हकीकत

(ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, उन्हाळा आला की आपल्या संघातील बरीच मंडळी मुलांकडे अमेरिकेला निघतात. बॅगेत भाजणी आणि मेतकूट जाते, सहा महिन्यांची औषधे जातात, प्रवास विमाही काढलेला असतो. मात्र मुले कामावर गेलेली असताना घरात कोणी कोसळले, तर फोनवर काय बोलायचे, याची तयारी कोणी केलेली नसते. अशा वेळी उपयोगी पडणारी इंग्रजी वाक्ये सांगावीत, असे कार्यवाहांनी मला सुचवले आहे आणि ती मी सांगणारच आहे. पण इतकी वर्षे रुग्णांच्या नातेवाइकांचे बोलणे ऐकून माझे एक ठाम मत झाले आहे, ते आधी मांडतो. आपली अडचण इंग्रजीची थोडी आणि सांगण्याच्या क्रमाची फार असते.

माझ्या एका जुन्या रुग्णाच्या पत्नीने सांगितलेला प्रसंग ऐका. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, इंग्रजी उत्तम. न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे गेल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमारास यजमानांच्या छातीत दुखू लागले आणि दरदरून घाम सुटला. बाईंनी आधी मुलीला फोन लावला, तो तिने उचलला नाही. मग पुण्याला भावाला लावला आणि त्याने ओरडून सांगितल्यावर ९११, हा तिथला आपत्कालीन क्रमांक, फिरवला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, की पत्ता काय. बाईंनी सुरुवात केली ती आदल्या रात्रीपासून: काल आम्ही एका मुंजीला गेलो होतो, तिथे जेवायला उशीर झाला, यांना पित्ताचा त्रास आहेच, रात्री झोप नव्हती, सकाळी चहासुद्धा घेतला नाही. व्याकरणात एक चूक नव्हती. पलीकडची व्यक्ती शांतपणे पुन्हा पत्ता विचारत होती आणि बाईंना वाटत होते, की या माणसाला आपल्या यजमानांची काही पर्वाच नाही. शेवटी पत्ता सांगायची वेळ आली तेव्हा रस्त्याचे नाव आठवले, पण घराचा क्रमांक आठवेना. दार उघडून, बाहेर जाऊन, दारावरचा आकडा वाचून त्या परत आल्या. फ्रिजवर कागद चिकटवलेला होता. त्यावर वाय-फायचा पासवर्ड होता, घराचा पत्ता नव्हता. (हशा.) आपण हसलात, पण आपल्यापैकी कितीजणांना मुलाच्या घराचा पूर्ण पत्ता आत्ता म्हणून दाखवता येईल? यजमान वाचले आणि आज ठणठणीत आहेत, म्हणून हा प्रसंग मी मोकळेपणाने सांगू शकतो.

हकीकत मुळापासून सांगायची ही आपली रीत आहे आणि दवाखान्यात ती मला नेहमी उपयोगी पडली; निदानाचा निम्मा भाग त्यातूनच हाती लागतो. आपत्कालीन फोनवर मात्र ऐकणाऱ्याला निदान करायचे नसते, गाडी धाडायची असते. १९६८ साली अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावातून ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन झाला, त्याआधी लंडनमध्ये १९३७ पासून ९९९ होताच, आणि आपल्याकडे आता १०८ आणि ११२ आहेत. क्रमांक कोणताही असो, पहिली गरज ठिकाणाची असते. मोबाइलवरून केलेल्या फोनचे ठिकाण त्यांना अंदाजाने कळते, पण इमारतीतला कितवा मजला आणि कोणते घर, हे आपणच सांगावे लागते. इथे आपण ‘मारुतीच्या देवळासमोर’ म्हणून भागवतो, तिथे तसे भागत नाही. आकडे सुटे सुटे म्हणावेत. ‘डबल फाइव्ह’ म्हणण्यापेक्षा ‘फाइव्ह फाइव्ह’ म्हणावे, कारण आपला ‘डबल’ अमेरिकी कानांना सवयीचा नाही.

म्हणून पहिले वाक्य हे: ‘आय नीड ॲन ॲम्ब्युलन्स.’ त्याला लागूनच पत्ता. दुसरे वाक्य: ‘माय हजबंड हॅज चेस्ट पेन’ किंवा ‘माय वाइफ फेल डाउन अँड इज नॉट वेकिंग अप.’ तिसरे, वय: ‘ही इज सेव्हन्टी-टू.’ एवढे झाले की थांबायचे आणि ते विचारतील त्याची उत्तरे द्यायची. प्रश्नांनी वेळ जातो असे वाटून पुष्कळजण चिडतात. बहुतेक केंद्रांत एकजण तुमच्याशी बोलत असताना दुसरा गाडीला निरोप देत असतो, त्यामुळे प्रश्न चालू असतानाच गाडी निघालेली असू शकते. ते सांगेपर्यंत फोन ठेवू नका. ऐकू आले नाही तर ‘प्लीज स्पीक स्लोली’ म्हणा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ‘इज ही ब्रीदिंग?’ इथे मला थोडा वेळ लागेल, पण तो मी घेणार आहे. हृदय बंद पडलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत अनेकदा मधूनमधून आचके देतो, तोंड उघडून घशातून घरघर आवाज काढतो. आपण म्हणतो, घरघर लागली, म्हणजे अजून श्वास चालू आहे. आणि फोनवर ‘येस, ब्रीदिंग’ असे सांगून मोकळे होतो. तो श्वास नसतो. त्या एका ‘येस’मुळे पलीकडची व्यक्ती छाती दाबायला सांगत नाही आणि हातातली मिनिटे निघून जातात. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल तर ‘ही इज नॉट ब्रीदिंग नॉर्मली’ हेच वाक्य म्हणा. मग ते तुम्हाला फोनवरून शिकवतील: फोन स्पीकरवर ठेवा, माणसाला जमिनीवर उताणे झोपवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने आणि निदान पाच सेंटिमीटर खोल दाबा. ‘पुश हार्ड अँड फास्ट’ आणि ‘डोन्ट स्टॉप’ या त्यांच्या सूचना कानाला ओळखीच्या करून ठेवा. ‘ही इज नॉट ब्रीदिंग नॉर्मली’ हे एक वाक्य आज घरी गेल्यावर मोठ्याने दहा वेळा म्हणा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत आणि वाक्ये पुष्कळ राहिली आहेत, तेव्हा आता भराभर सांगतो.

तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, म्हणजे पक्षाघाताची शंका: ‘आय थिंक इट इज अ स्ट्रोक.’ पुढचा प्रश्न असेल, शेवटचे व्यवस्थित कधी पाहिले? गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साधारण साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. सकाळी सहाला उठले ते असेच उठले, तर सहा सांगू नका. रात्री दहाला ठीक होते, तर ‘ही वॉज नॉर्मल ॲट टेन लास्ट नाइट’ म्हणा.

जुने आजार पूर्ण नावाने सांगा. ‘ही इज शुगर पेशंट’ असे नको, ‘ही हॅज डायबिटीज.’ ‘लूज मोशन’ म्हणू नका, ‘डायरिया’ म्हणा, ‘गिडीनेस’ऐवजी ‘डिझी’. ‘शी टेक्स अ ब्लड थिनर’ आणि ‘शी इज ॲलर्जिक टू पेनिसिलिन’ ही वाक्ये ज्यांना लागू आहेत त्यांनी पाठच करावीत. औषधांची आपली दुकानी नावे तिथे कोणाला कळत नाहीत, म्हणून मूळ घटकांची नावे आणि मात्रा इंग्रजीत लिहून तो कागद पाकिटात ठेवा. तिथे पॅरासिटामॉलला ॲसिटअमिनोफेन म्हणतात, हेही लिहा.

इंग्रजी सुचेनासे झाले तर दोनच शब्द पुरेत: ‘मराठी इंटरप्रिटर.’ ‘इंडियन’ म्हणू नका, त्याने भाषा कळत नाही. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो, बहुधा तो फोनवरून मिळतो. नातवंडाला दुभाषा करू नका. जिवावरचा प्रसंग सोडला तर तिथले नियमही लहान मुलांकडून ते काम करून घ्यायला मनाई करतात.

खर्चाच्या भीतीने मुलगा घरी येईपर्यंत थांबणारे आईवडील मला माहीत आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते. १९८६च्या कायद्याने तिथल्या आपत्कालीन विभागाला, पैशांचा विचार न करता, आधी तपासणे आणि प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. बिल मागाहून येते, हे खरे. त्याचे मुलगा पाहील, विमा पाहील.

शेवटची सूचना. सरावासाठी ९११ फिरवू नका, व्हॉट्सॲपवरून तो लागतही नाही. तिथून भारतात फोन लावताना आपला ९१ दाबताना हात चुकून ९११ लागतो, असे आपल्या अनेकांचे झाले आहे. तसे झाले तर घाबरून फोन ठेवू नका, नाहीतर ते उलट फोन करतात, कधी पोलीसही दारात येतात. लाइनवर थांबा आणि म्हणा: ‘सॉरी, आय डायल्ड बाय मिस्टेक. देअर इज नो इमर्जन्सी.’