टी आणि 1

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर फोटोंचं एक फोल्डर उघडतं.)

संगणक सुरू झालाय, डेस्कटॉप नेहमीसारखाच आहे. फोटोंच्या फोल्डरात मात्र चित्रं दिसत नाहीत, सगळीकडे एकसारखे कोरे पांढरे कागद. आता फायलींच्या नावांकडे नीट बघा. ‘सहल 12 डॉट जेपीजी’ इथे नाव संपायला हवं होतं. त्यापुढे आणखी एक टिंब आहे आणि चार अनोळखी अक्षरं. शेजारीच ‘रीडमी’ नावाची मजकुराची फाईल आहे. ती तुम्ही कधीच बनवली नव्हती. उघडली की कळतं : फायलींना कुलूप लागलंय, किल्ली हवी असेल तर पैसे मोजा.

हे रॅन्समवेअर. खंडणी मागणारा प्रोग्रॅम.

इथे एक खात्री करून घ्या. कधी कधी ब्राउझरमध्ये पोलिसांच्या नावाने एखादं पान भरून येतं, भोंगा वाजतो, दंड मागितला जातो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केल्यावर ते निघून गेलं आणि फायली पूर्वीसारख्या उघडल्या, तर ती नुसती धमकी होती. आपण बोलतोय ते खऱ्या कुलपाबद्दल.

(दृश्य : नेटची वायर काढणारा हात.)

पहिलं काम, नेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद करा. बाहेरची हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, जे जोडलेलं असेल ते सोडवा, कारण हा प्रोग्रॅम जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोचतो. क्लाउडवर फायली आपोआप चढत असतील, तर कुलूप लागलेल्या फायलीही चढतात. डोळ्यांदेखत एकेका फायलीचं नाव बदलत असेल, तर संगणक हायबरनेट करा. काम तिथेच थांबतं आणि मेमरीत जे होतं ते डिस्कवर टिकतं. मग फोनने त्या ‘रीडमी’ चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

आणि काहीही पुसू नका. कुलूप लागलेल्या फायली नाहीत, चिठ्ठीही नाही. घाबरून माणूस सगळं फॉरमॅट करतो, आणि परत मिळू शकलं असतं तेही त्यात जातं. या चित्रफितीतून एकच गोष्ट लक्षात राहिली तर ही राहावी, असं मला मनापासून वाटतं.

कुलूप का उघडत नाही, तेही समजून घेऊ. 1989 मध्ये जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने टपालाने हजारो फ्लॉपी पाठवल्या. त्यातला प्रोग्रॅम फायलींची नावं विस्कटायचा आणि पनामातल्या टपालपेटीवर 189 डॉलर मागायचा. पण त्याची किल्ली प्रोग्रॅमच्या आतच होती. ती सापडली आणि नावं परत लागली. आजचे गुन्हेगार दोन किल्ल्या वापरतात. कुलूप लावणारी तुमच्या संगणकावर येते, उघडणारी त्यांच्याकडेच राहते. म्हणून अँटीव्हायरस खंडणीचा प्रोग्रॅम काढून टाकतो, पण कुलूप काढू शकत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

आधी प्रोग्रॅम काढण्याचं. कुलूप लागलेल्या फायली आणि चिठ्ठी वेगळ्या रिकाम्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क बाजूला ठेवा. मग विंडोजचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतं. तरी माझं स्पष्ट मत असं की विंडोज कोरं करून नव्याने टाकावं. घरगुती संगणकांना खूप छळलेलं एक रॅन्समवेअर म्हणजे स्टॉप डीजेव्हीयू. फुकटात मिळवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून ते येतं, फायलींना कुलूप लावताना पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतं, आणि अनेकदा सोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही आणतं. तो कुठे दडलाय हे शोधत बसण्यापेक्षा स्वच्छ सुरुवात बरी. बँक आणि ईमेलचे पासवर्ड मात्र दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदला. बॅकअपची डिस्क जोडायची ती हे सगळं झाल्यावरच.

(दृश्य : चिठ्ठीतल्या लांबलचक ओळख क्रमांकावर कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

आता फायली. स्टॉप डीजेव्हीयूची चिठ्ठी बरीच वर्षं 980 डॉलर मागायची, 72 तासांत दिले तर 490. देऊ नका; पैसे घेऊन किल्ली न देणारेही असतात. चिठ्ठीच्या तळाशी तुमचा ओळख क्रमांक आहे. त्याची शेवटची दोन अक्षरं वाचा. तिथे इंग्रजी छोटा टी आणि 1 असेल, तर आशा आहे. कुलूप लावताना प्रोग्रॅमला गुन्हेगारांच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, म्हणून त्याने स्वतःत ठेवलेली, सगळ्यांसाठी सारखी अशी कुलूप लावणारी किल्ली वापरली. त्या आवृत्तीची, तिच्या जोडीची उघडणारी किल्ली एकाने मिळवली की अनेकांच्या फायली उघडतात. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर 2019 मध्ये यासाठी मोफत साधन दिलं. आणखी एक दिलासा : हे रॅन्समवेअर मोठ्या फाईलचा फक्त सुरुवातीचा, साधारण 150 केबी भाग बिघडवतं. त्यामुळे लांब व्हिडिओ कधी कधी दुरुस्त करता येतात.

रॅन्समवेअर कोणतं हेच कळत नसेल, तर नो मोअर रॅन्सम हे संकेतस्थळ आहे. डच पोलीस, युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि सुरक्षा कंपन्यांनी ते जुलै 2016 मध्ये सुरू केलं. कुलूप लागलेल्या दोन फायली आणि चिठ्ठी दिली की ते ओळखायचा प्रयत्न करतं, आणि साधन असेल तर मोफत देतं.

नसेल तर? मे 2016 मध्ये टेस्लाक्रिप्ट नावाचं रॅन्समवेअर चालवणाऱ्यांनी काम बंद केलं आणि मुख्य किल्ली जाहीर केली. ज्यांनी कुलूप लागलेल्या फायली जपल्या होत्या, त्यांना त्या उघडता आल्या.

(दृश्य : डिस्क पाकिटात जाते. पाकिटावर पेनने तारीख आणि रॅन्समवेअरचं नाव लिहिलं जातं.)

तुमच्याही डिस्कवर असंच लिहून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी नो मोअर रॅन्समच्या साधनांमध्ये हेच नाव पुन्हा शोधा.