व्हॅरम पर्सीचं चर्च: बुजवलेल्या कमानी आणि चोरीला गेलेलं शिसं

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं ओस पडलेलं गाव आहे. घरांचे फक्त गवताळ उंचवटे उरलेत. उभं आहे ते सेंट मार्टिन चर्च, बिनछपराचं.

तिथं गेलात तर आधी बाजूच्या भिंती नीट पाहा. त्यांत दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतील. गाव वाढलं तेव्हा भिंत फोडून कमानी काढल्या, पलीकडे पाखे, म्हणजे चर्चला जोडलेले बाजूचे अरुंद भाग, बांधले. पुढे माणसं घटली, तसे पाखे पाडले आणि कमानी चिणल्या. 1500 नंतर लवकरच गाव उठलं. शेतीच्या जागी मेंढ्या आल्या. चर्च मात्र थांबलं नाही. थिक्सेंडेलसारख्या शेजारच्या गावची माणसं तिथं येत राहिली. शेवटची उपासना 1949 साली झाली.

त्यानंतर जे घडलं, ते जुन्या इमारतींवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं. छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले. शिसं गेलं की पाणी थेट लाकडावर आणि भिंतीच्या माथ्यावर येतं. जुनी जाड भिंत म्हणजे दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मध्ये चुन्यातली भर. माथ्यातून उतरणारं पाणी ही भर धुऊन नेतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि दोन्ही अंगं सुटू लागतात. दहाएक वर्षांतच मनोऱ्याचा काही भाग कोसळला. शतकानुशतकं टिकलेल्या बांधकामाला एवढाच वेळ पुरला!

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकारानं 1950 ते 1990 इथं उत्खनन चाललं. चर्चखाली आणखी जुन्या, लाकडी चर्चच्या खुणा निघाल्या; आवारात सुमारे 700 सांगाडे.

अशा जुन्या भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरू नयेत, हे मी ठासून सांगेन. सिमेंट ओल आत कोंडतं. मग ती मऊ दगडातून वाट काढते आणि थंडीत दगडाचेच पापुद्रे सुटतात. सुटा चुना उकरावा, खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी. धूळ झाडून दगड भिजवावा. साधारण एक भाग चुना, तीन भाग खरखरीत वाळू, असा माल घट्ट दाबून भरावा. वर ओली पोती टाकावीत, कारण चुना भराभर सुकला तर भुसभुशीत होतो. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर कामच काढू नये. इंग्लंडात म्हणूनच हे काम वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत उरकतात.