पणती लावली आणि दारही लावलं

नमस्कार मंडळी.

फराळाआधी दहा मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. बोलणार होते मराठी शाळेच्या नव्या वर्गांविषयी, पण ते कागद घरीच ठेवून आले. गेल्या गुरुवारी आमच्याकडे जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, तेच सांगते.

गुरुवार म्हणजे ३१ ऑक्टोबर २०२४. तिकडे पुण्या-मुंबईत यंदा लक्ष्मीपूजन शुक्रवारी झालं. इथल्या घड्याळाप्रमाणे मात्र अमावास्येची संध्याकाळ गुरुवारीच आली, ती नेमकी हॅलोवीनची, म्हणजे इथली मुलं भुताखेतांचे वेष घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात त्या रात्रीची. साडेपाचलाच ग्लासगोत मिट्ट काळोख. दारातल्या दोन पायऱ्यांवर मी लक्ष्मीची पावलं काढली, आत येणारी. चार पणत्या ठेवल्या, वाऱ्याने विझू नयेत म्हणून जॅमच्या रिकाम्या बरण्यांत. आणि दारावर आमच्या ह्यांनी, नानांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या सांगण्यावरून, एक कागद चिकटवला : ‘ट्रिक ऑर ट्रीट नको’. म्हणजे, खाऊ मागायला बेल वाजवू नका.

आरती सुरू झाली आणि बेल वाजली. नानांनी हाताने खूण केली, उघडू नका. ह्यांनी पॅसेजमधला दिवा मालवला. आम्ही आवाज खाली आणला, टाळ्या थांबवल्या. लक्ष्मीपूजनाची आरती आम्ही कुजबुजत म्हणत होतो. बाहेर पायऱ्यांवर लहान पावलांची चुळबुळ ऐकू येत होती. मग ती पावलं निघून गेली.

माझी लेक आठ वर्षांची आहे. तिने विचारलं, “आई, पणत्या लावल्या म्हणजे ‘या’ ना? मग आपण लपलोय का?”

तिचं बरोबर होतं. इथल्या मुलांना शिकवलेलं असतं की ज्या दारात दिवा असेल तिथेच जायचं, अंधाऱ्या घराची बेल वाजवायची नाही. आमच्या पणत्या बघूनच ती पोरं आली होती. आणि मला आठवली माझी आजी. तिन्हीसांजेला कुणी पुढचं दार लोटलं की ती ओरडायची, “दिवेलागणीला दार लावू नये, लक्ष्मी परत जाते.” तुमच्यापैकी कितीजणांच्या आज्या हेच ओरडल्या असतील!

थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली. या वेळी मी उघडलं. सांगाड्याचे कपडे घातलेला एक मुलगा, दोन चेटकिणी, आणि मागे फाटकाशी त्यांची आई. माझ्याकडे चॉकलेटं नव्हती. मी ताट पुढे केलं. सांगाड्याने करंजी उचलली, उलटसुलट करून पाहिली. लेक पुढे झाली आणि म्हणाली, आत काय आहे ओळख! त्याने सांगितलं, सफरचंद. चेटकीण म्हणाली, चीज. फाटकाशी उभ्या असलेल्या आईने आधी विचारलं, यात सुकामेवा आहे का? विचारायलाच हवं होतं तिने, मुलांना ॲलर्जी असू शकते. काजू आहेत म्हटल्यावर एका चेटकिणीला मी शंकरपाळी दिली. भोंडल्याच्या खिरापतीची आठवण कशी झाली असेल, हे या हॉलमधल्या बायकांना मी सांगायची गरज नाही.

नाना आत निघून गेले. जेवताना बोलले ते एवढंच : “लक्ष्मी यायच्या वेळेला दारात हाडं आणि कवट्या? वर्षातून एक दिवस तरी अभद्र नको.” आमचे हे म्हणाले, शेजाऱ्यांशी नातं ठेवायला बाकीचे ३६४ दिवस आहेत. मी म्हटलं, त्या ३६४ दिवसांत आपण किती वेळा कुणाचं दार वाजवलं? आवाज चढले. लेक ताटावरून उठली. सणाच्या दिवशी.

नानांचं मी खोटं म्हणत नाही. आपल्यातल्या काही घरी यंदा दिवाळी नव्हती. ज्यांचा माणूस नुकताच गेलाय त्यांना कामावर जाता-येता कुंपणावर लटकवलेले सांगाडे बघावे लागतात, तेव्हा त्यांना काय होत असेल? पितरांना आपण महिनाभरापूर्वी पान वाढलं, कावळ्याची वाट पाहिली, आणि इथे मरणाची प्लास्टिकची खेळणी. कुणाला ते सहन होत नसेल तर त्यांनी दिवा मालवावा, त्यांना नावं ठेवू नका.

पण “हे अमेरिकेचं खूळ” असं जे आपण बोलतो, ते निदान स्कॉटलंडात तरी बोलू नका. माझी शेजारीण ऐंशीच्या घरातली आहे. तिला ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्दच आवडत नाहीत. तिच्या लेखी हे ‘गायझिंग’. वेष घेऊन घरोघर जायचं, आणि गाणं, कविता, निदान एखादा विनोद म्हणून दाखवल्याशिवाय खाऊ मिळायचा नाही. आत दिवा ठेवायला कोरतात तो भोपळा अमेरिकेतून आला. तिच्या लहानपणी टर्निप, म्हणजे सलगमासारखा कंद, कोरायचे, दगडासारखा कडक, चमचे वाकायचे म्हणे. इथला कवी रॉबर्ट बर्न्स, त्याची हॅलोवीनवरची कविता १७८६ साली छापली गेलीय, इतकं हे जुनं. आणि खाऊ काय, तर सफरचंदं आणि सालासकट भुईमुगाच्या शेंगा! शुक्रवारी तिने लेकीच्या ओंजळीत शेंगा घातल्या, त्याही लेकीने ‘दिन दिन दिवाळी’ पूर्ण म्हटल्यावरच.

कुणी म्हणतात, आपली मुलं दारोदार मागत फिरणार का? अहो, शिमग्याचं पोस्त मागत आपण फिरलो नाही का? होळीसाठी कुणाकुणाची लाकडं पळवली ते आठवा.

रागावू नका, पण बोलते. आपली दिवाळी आपण भाड्याच्या हॉलमध्ये आणून बसवली. सोयीचा शनिवार, तिकीट, बुफे, गाड्या काढून घरी. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं फराळाचं ताट घेऊन शेजारी जाणं आपल्यातल्या किती मुलांनी केलंय? आपल्याच मंडळातली दोन घरं एकाच रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यातही ताट फिरत नाही. कुणाच्या दारात जायचं, कुणाला दारात घ्यायचं, हे आपल्या मुलांना एवढ्या एका संध्याकाळी कळतं. तेही परक्या सणातून कळतं, याचं मला वाईट वाटतं.

नाना आज इथेच बसलेत. आमचं अजून एकमेकांना पटलेलं नाही. तो कागद ह्यांनी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, फाडलेला नाही.

परवा रात्री लेकीने कॅलेंडर पाहिलं. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तिकडे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. तिने विचारलं, “म्हणजे ३१ ला दिवाळी संपलेली असेल. मग पायरीवर पणत्या ठेवायच्या की नाही?”

मी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.