चौसष्ट टाके

(दृश्य: सुया आणि बोटं, अगदी जवळून. टाच वळते आहे.)

मोजा विणणाऱ्याचा कस लागतो तो इथे, टाचेला. वरचा भाग सरळ नळीच असते, हात चालत राहतो. पण घोट्याखाली पाऊल काटकोनात वळतं आणि विणीलाही तिथेच वळावं लागतं. कात्री नाही, शिवण नाही. जे करायचं ते टाक्यांच्या हिशोबानं.

नाशिकच्या सिडकोतलं हे घर. इथे विणलेले मोजे फोनवरून विकले जातात. इन्स्टाग्रामवर फोटो, व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग, पैसे यूपीआयनं. गाळा नाही, पाटी नाही. गिऱ्हाईक मोजा पायात घालून बघू शकत नाही, म्हणून माप आणि टाच या दोनच गोष्टींवर हा धंदा तरतो.

(दृश्य: लोकरीचे गुंडे, हातात धरलेलं लेबल.)

बाजारात सहज मिळणारी लोकर बहुतेक अॅक्रिलिकची. बाळाच्या टोपड्याला ती चालते, पण ती घाम टिपत नाही, त्यामुळे बंद बुटात पाय ओला राहतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण जाडीभरडी, तळपायाला टोचते. मोज्याला लागते ती ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असलेली, बारीक चार पदरी लोकर. ऊब लोकरीची, टाच आणि चवडा लवकर विरू नये म्हणून नायलॉन. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४०० मीटर धागा असतो आणि बायकांच्या मापाच्या जोडीला ७० ग्रॅमच्या आसपास लागतो.

लेबलवर दोन गोष्टी बघायच्या. एक, ‘सुपरवॉश’ लिहिलंय का. नसेल तर गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये एकदा फिरला की मोजा आटतो, आणि आटलेला मोजा पुन्हा ताणला जात नाही. दुसरं, रंगाचा लॉट नंबर. त्याच रंगाचे दोन गुंडे वेगळ्या लॉटचे निघाले तर फरक दिव्याखाली कळत नाही, उन्हात नेल्यावर कळतो.

(दृश्य: कागदावर उभं पाऊल, पेन्सिल, टेप.)

चपलेचा नंबर विचारून भागत नाही. यूकेचा ६ म्हणजे युरोपचा ३९, आणि गिऱ्हाईक नुसता आकडा सांगतं. म्हणून मापं सेंटिमीटरमध्येच मागवायची: कागदावर उभं राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याचा घेर. बसून माप घेऊ नये. अंगाचं वजन पडलं की पाऊल पसरतं.

आता गणित. चवड्याचा घेर २२ सेंमी असेल तर मोजा साधारण १० टक्के कमी हवा, म्हणजे २० सेंमी. घेराइतकाच विणला तर तो बुटात गोळा होतो. अडीच मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंमीत ३२ टाके बसत असतील, तर २० सेंमीला ६४. पण ३२ बसतात की नाही, हे आधी छोटा नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजायचं. ज्यांचा हात घट्ट त्यांचे ३४ बसतात, सैल हाताचे ३०. दहा सेंमीत चारच टाक्यांचा फरक, पण ६४ टाक्यांचा मोजा एकीचा १९ सेंमीचा होतो, दुसरीचा २१ चा. चारचौघी मिळून एका दुकानासाठी विणत असतील तर प्रत्येकीच्या हाताप्रमाणे सुईचा नंबर बदलून द्यावा लागतो.

(दृश्य: पाच सुया, गोल विणकाम.)

दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या पाच सुया. चार सुयांवर सोळा-सोळा टाके, पाचवीनं विणायचं. सुरुवातीचे टाके सैल घालायचे, नाहीतर मोज्याचं तोंड टाचेवरून वर सरकत नाही. गोल जोडण्याआधी सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून आहेत का ते बघायचं. पीळ राहून गेला तर तो पुढे काढता येत नाही, उसवावंच लागतं. मग दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर, तिच्याखाली टाचेपर्यंत सरळ नळी. एका सुईवरून दुसरीवर जाताना पहिले दोन टाके ओढून घ्यायचे, नाहीतर त्या जागी सैल टाक्यांची उभी रेघ दिसत राहते.

(दृश्य: टाचेची पट्टी, मग वळण. हा भाग सलग.)

टाचेला ६४ पैकी ३२ टाकेच घ्यायचे. एक टाका न विणता उचलायचा, एक सुलट विणायचा. मागच्या बाजूनं पहिला उचलून बाकी सगळे उलट. अशा ३२ ओळी. उचललेल्या टाक्यांमागून धागा जातो, म्हणून पट्टी जाड होते. बूट घासतो तो इथेच.

आता वळण. १७ टाके सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ पुरी न करता मध्येच फिरायचं. एक उचलायचा, ३ उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरायचं. प्रत्येक ओळीत मधला भाग एका टाक्यानं वाढतो आणि कडेचे टाके संपत जातात. शेवटी ३२ चे १८ उरतात, आणि हातात टाचेची वाटी तयार असते.

पट्टीच्या दोन्ही कडांवर सोळा-सोळा नवे टाके उचलायचे, कोपऱ्यात एकेक जास्तीचा. तो जास्तीचा टाका विसरला की घोट्याजवळ भोक पडतं. हातविणीच्या मोज्यात सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच. टाचेला न घेतलेले ३२ धरून आता सुयांवर ८४ टाके. एक फेरी आड दोन कमी करत दहा वेळा गेलं की पुन्हा ६४.

पुढे सरळ, बोटांच्या टोकाला ५ सेंमी उरेपर्यंत. मग एक फेरी आड चार-चार कमी करत ३२, त्यानंतर प्रत्येक फेरीत चार कमी करत १६. उरलेले आठ आणि आठ टाके समोरासमोर धरून दाभणानं असे जोडायचे की शिवण हाताला लागू नये. इथे गाठ राहिली तर ती दिवसभर बोटाला टोचते.

दुसरा मोजा पहिल्यासारखाच व्हावा म्हणून फेऱ्या वहीत लिहायच्या. अंदाजानं विणलेली जोडी सारखी येत नाही, कारण आठवड्याभरात हात बदलतो.

(दृश्य: पाण्यातले मोजे, टॉवेल, साचे, खिडकी.)

वीस मिनिटं साध्या पाण्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, पिळायचे नाहीत, मग साच्यावर वाळवायचे. पावसाळ्यात पुरते सुकल्याशिवाय पिशवीत भरले तर कुबट वास धरतात. वाळल्यावर हवाबंद पिशवीत, कारण कसर लोकर खाते. फोटो खिडकीच्या उजेडात, एक साच्यावर, एक पायात, आणि एक फक्त टाचेचा.

किंमत. सराईत हाताला एका जोडीला सुमारे १८ तास लागतात. तासाला ६० रुपये धरले तरी मजुरीच १,०८० रुपये होते. लोकर, पाकीट आणि टपालखर्च वेगळा. ‘मशीनचे मोजे इतक्या स्वस्तात मिळतात’ म्हणून ही मजुरी कापून विकणं म्हणजे विणणारीचे तास फुकट घेणं आहे. किमतीखाली तास लिहावेत, गिऱ्हाइकाला कळू द्यावं.

(दृश्य: पाकिटं, पोस्टाचा काउंटर.)

जोडी पाकिटासकट सव्वाशे ग्रॅमच्या आत बसते. खोक्यापेक्षा चपटं पाकीट बरं, आत प्लॅस्टिकची पिशवी. सोबत धुण्याची चिठ्ठी आणि रफूसाठी त्याच लॉटचा पाच मीटर धागा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ऑनलाइन बाजारपेठेवर विकताना उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, नावनोंदणी क्रमांक मात्र घ्यावा लागतो. राज्याबाहेर विकण्याचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्यावेत.

थंडीची मागणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आल्यावर सुया हातात घेऊन उपयोग नाही. रोज तीन तास विणणारीची आठवड्याला एकच जोडी होते, म्हणून लोकर मे महिन्यात मागवायची आणि पहिले ६४ टाके जूनमध्ये घालायचे.