'आम्ही' की 'आपण'? एका जर्मन वाक्याचं भाषांतर

नमस्कार. जर्मन शिकवायला लागून मला पुष्कळ वर्षं झाली. दरवर्षी एक वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना म्हणते, हे मराठीत आणा. 'वीर झिंट दस फोल्क.' 'वीर' म्हणजे आम्ही, 'झिंट' म्हणजे आहोत, 'दस' हे उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं, आणि 'फोल्क' म्हणजे लोक. शब्दकोश हाताशी असला की पाच मिनिटांत होईल असं सगळ्यांना वाटतं. तास संपतो तरी वर्ग त्याच वाक्याशी झगडत असतो. त्या तासात काय काय निघतं, ते आज तुमच्यापुढे मांडते.

पहिली अडचण 'फोल्क'ची. हा शब्द एकवचनी आहे. आपले लोक येतात, जातात, भांडतात. 'लोक' म्हटलं की डोळ्यांपुढे अनेक माणसं उभी राहतात. जर्मन फोल्क मात्र जागं होतं, उठतं, ठरवतं, एकाच माणसासारखं. आणि एकदा असं एकच शरीर कल्पिलं की त्याचं रक्त कोणतं, त्यात परकं काय शिरलंय, हे प्रश्न फार दूर राहत नाहीत. जर्मनीत ते विचारले गेले. (आपली 'जनता'ही एकवचनी आहे; तिच्या नावानं कोणी बोलू लागलं की मी कान टवकारते.)

बर्लिनला राइशटागच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीवर दर्शनी भागात तीन शब्द आहेत: 'देम डॉइचन फोल्के'. चतुर्थी विभक्ती. जर्मन लोकांना, त्यांच्यासाठी. इमारत 1894 साली पुरी झाली, पण या शब्दांची जागा 22 वर्षं रिकामी होती. संसद लोकांना अर्पण करायची, ही कल्पना सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या पचनी पडत नव्हती. पहिल्या महायुद्धात लोकांकडून रक्त मागायची वेळ आली, तेव्हा 1916 साली अक्षरं लागली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत जिंकलेल्या दोन फ्रेंच तोफा वितळवून त्यांचं कांसं वापरलं गेलं. अक्षरं ओतली ती लोवी नावाच्या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत.

1935 साली न्यूरेंबर्गला भरलेल्या राइशटागनं कायदा केला, की जर्मन किंवा त्याच्याशी नातं असलेल्या रक्ताचा माणूसच राइशचा, म्हणजे जर्मन राज्याचा, पूर्ण नागरिक. ज्या कुटुंबानं ती अक्षरं घडवली, त्यातल्या माणसांना पुढे नाझींनी ठार मारलं. 'फोल्क'ला अर्पण केलेली अक्षरं ज्यांच्या हातची, ते स्वतः फोल्कमधून काढले गेले. ही हकिगत वर्गात सांगताना मला दरवेळी थोडं थांबावं लागतं.

ड्रेस्डेनला व्हिक्टर क्लेम्पेरर नावाचे प्राध्यापक होते. ज्यू म्हणून 1935 साली त्यांची नोकरी गेली. पत्नी नाझींच्या व्याख्येत 'आर्य' होती, म्हणून जीव वाचला. नाझी राजवटीच्या बारा वर्षांत त्यांनी नाझींचे शब्द टिपून ठेवले आणि 1947 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी नोंदवलंय की जेवणात मीठ घालावं तसं हल्ली बोलण्या-लिहिण्यात सगळीकडे चिमूटभर 'फोल्क' घालतात. रेडिओला फोल्क, न्यायालयाला फोल्क. आपल्या चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनच्या नावातला 'फोक्स' तोच, त्याच काळातला. शब्द म्हणजे विषाचे अगदी बारीक डोस असतात, नकळत गिळले जातात आणि परिणाम मागाहून दिसतो, असं क्लेम्पेरर म्हणतात. सभांमधल्या आरोळ्यांपेक्षा त्यांना या रोजच्या शब्दांची भीती जास्त वाटली, आणि ती मला पटते. आरोळी ऐकू येते तरी. मीठ दिसत नाही.

युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारनं हाच शब्द उचलला. पोलीस फोल्कचे, सैन्य फोल्कचं, कारखाने फोल्कच्या मालकीचे. चाळीस वर्षं सरकार त्याच्या नावानं बोलत राहिलं. मग 9 ऑक्टोबर 1989 ला, सोमवारी, लाइपझिगला निकोलाय चर्चमधली प्रार्थना संपली आणि सुमारे 70,000 माणसं रस्त्यावर उतरली. गोळीबार होईल ही भीती खरी होती. त्या गर्दीनं सरकारचाच शब्द सरकारला ऐकवला: 'वीर झिंट दस फोल्क!'

इथे दुसरी अडचण येते, आणि ती मला फार मोलाची वाटते. जर्मनला 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक करता येत नाही. दोन्हींना 'वीर' एवढाच शब्द. मराठी माणसाला ही सवलत नाही. तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, की समोरचा आपल्यात धरलाय की नाही. लाइपझिगची घोषणा सत्तेला उद्देशून होती, म्हणून 'आम्ही': लोक म्हणजे आम्ही, तुम्ही नव्हे. पण त्याच दिवशी शहरात एक पत्रक वाटलं गेलं होतं, हिंसा करू नका, असं निदर्शकांनाही सांगणारं आणि पोलिसांनाही. त्यात शब्द होते 'वीर झिंट आइन फोल्क', 'आइन' म्हणजे एक. हे 'आपण'. समोर ढाल घेऊन उभा असलेला पोरगाही त्यात आला. त्या रात्री गोळी सुटली नाही.

महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली आणि 'आइन फोल्क' ही घोषणा मोर्च्यांत आली, पण आता तिचा अर्थ होता पूर्व आणि पश्चिम मिळून एक राष्ट्र. 'दस' जाऊन 'आइन' आलं. एका उपपदात लोकशाहीची मागणी एकीकरणाची झाली, आणि मराठीत तर उपपदच नाही! मुलं इथे हात टेकतात.

3 ऑक्टोबर 1990 ला जर्मनी एक झाला. चारच आठवड्यांत, 31 ऑक्टोबरला, कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयानं 'फोल्क'चा अर्थ सांगितला. काही राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचं ठरवलं होतं. न्यायालय म्हणालं, नाही. सगळी राज्यसत्ता फोल्कपासून येते असं घटना म्हणते तेव्हा फोल्क म्हणजे जर्मन नागरिक. आता आठवा, तुर्कस्तानशी कामगारांचा करार 1961 सालचा. हॅम्बुर्गच्या गोदीत पंचवीस वर्षं घाम गाळलेला माणूस त्या 'आपण'मध्ये नव्हता. त्याला शब्द दिला होता 'गास्टआर्बाइटर', पाहुणा कामगार. आपल्याकडे पाहुण्याला कोणी रात्रपाळीला उभं करत नाही. त्या शब्दात 'पाहुणा' आदरासाठी नव्हताच. तू परत जाणार आहेस, एवढंच तो सांगत होता. मुलंबाळं तिथेच जन्मली, शाळेत गेली, तरी नागरिकत्व रक्तानंच मिळे, 1913 च्या कायद्याप्रमाणे. तो पाया बदलला 1 जानेवारी 2000 ला. तेव्हापासून, आईवडिलांच्या वास्तव्याच्या अटी पुऱ्या झाल्या तर, तिथे जन्मलेलं मूल जर्मन.

त्याच वर्षी हान्स हाके या कलावंताचं काम संसदेत आलं. इमारतीच्या आतल्या चौकात, दर्शनी अक्षरांच्याच वळणात, दोन शब्द: 'देअर बेफ्योल्करुंग'. लोकवस्तीला. इथे जे जे राहतात त्यांना, पासपोर्ट कोणताही असो. संसदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि 260 विरुद्ध 258 मतांनी मंजुरी मिळाली. खासदारांनी आपापल्या मतदारसंघातली माती आणून भोवती टाकायची आणि जे उगवेल ते उगवू द्यायचं, अशी ती रचना आहे. दोन मतांचा फरक, एका शब्दापायी. मी तेव्हाही 260 च्या बाजूची होते, आजही आहे.

वाद मिटलेला नाही. 2014 पासून ड्रेस्डेनच्या रस्त्यांवर पेगिडा या इस्लामविरोधी चळवळीच्या मोर्च्यांत पुन्हा तीच घोषणा घुमली, 'वीर झिंट दस फोल्क', आणि ती निर्वासितांच्या विरोधात होती. शब्द लाइपझिगचेच. तेव्हा 'आम्ही'च्या बाहेर सत्ता होती, आता बाहेर शेजारी आहे. 2017 साली घटना न्यायालयानं एनपीडी या अतिउजव्या पक्षावर बंदी घातली नाही, पण वंशावर उभी केलेली त्यांची फोल्कची कल्पना मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असं स्पष्ट लिहिलं.

आता आपल्या मुलांचं. 2024 साली महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपल्या परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक जर्मन शिकताहेत. त्यांच्यासाठी शब्द आहे 'फाखक्राफ्ट', कुशल मनुष्यबळ. यात पाहुणा नाही, हे बरं झालं. पण माणूसही नाही. 'क्राफ्ट' म्हणजे बळ, ताकद. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, "बाई, तिथले लोक मला 'वीर' म्हणतील तेव्हा ते 'आम्ही' असेल की 'आपण', हे कसं ओळखायचं?" मी तिला म्हटलं, व्याकरणात नाही सापडणार, वाक्य पुरं होईपर्यंत ऐक.

फळ्यावरचं वाक्य पुसत नाही. तुमच्यातल्या कोणाला भाषांतर सुचलं असेल तर तिथूनच प्रश्नोत्तरांना सुरुवात करू.